पेचकस माझ्या हातात दिलात, त्याबद्दल

भाऊ, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाहीये. "नाव टाकलं का गर्दी होते ताई, मंग काम बिघडते" असं तुम्हीच बजावलंय. पण पत्र लिहिल्याशिवाय राहवतही नाही. तुमच्या दुकानात माझा कॉम्प्युटर थंड होऊन पंधरा दिवस झाले, तरी रेंडर (म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची पक्की फाइल बनवायचं काम) लावला की माझा हात सवयीने कॅबिनेटच्या मागे जातो, किती गरम हवा येतेय बघायला, आणि मग एकटीच हसते.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मी अकोल्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. सीझन एप्रिल-मेचा आणि नेमका तेव्हाच आमच्याकडे पारा ४४-४५ ला टेकलेला. माझी खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर तापलेला स्लॅब. मशीन चांगलं आहे हो, प्रोसेसर इंटेलचा आय७-१२७००, हप्ते फेडून घेतलेलं, पण यंदा रेंडर सुरू केला की दोन मिनिटांत टेम्परेचर १००, आणि १०० ला पोचलं की प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःच स्पीड पाडतो. वरात निघालेलीच असायची, मंडपात पोचायचीच नाही.

आईला म्हटलं, कॉम्प्युटरला कूलर घ्यायचाय. तिने शांतपणे खिडकीतला डेझर्ट कूलर माझ्या टेबलाकडे फिरवला. आता विदर्भात कूलर म्हणजे दुसरं काय असणार, तिची काय चूक.

तर मी कॉम्प्युटरच्या तीन दुकानांत जाऊन आले. पहिल्याने सांगितलं विंडोज मारावी लागेल, म्हणजे नव्याने टाकावी लागेल. मारली, पैसे घेतले, टेम्परेचर तेच. दुसऱ्याने माझं म्हणणं अर्धवट ऐकून विचारलं, "मॅडम, घरात कोणी जेन्ट्स नाही का, त्यांना पाठवा, समजावून सांगतो." बारा वर्षं मी या धंद्यात आहे, टाइमलाइनवर सतरा ट्रॅक एका वेळी सांभाळते, पण हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची गर्मी ओढणारा धातूचा भाग, समजायला घरातला जेन्ट्स पाहिजे! तिसऱ्याने मात्र इज्जतीत बसवलं, थंड पाणी दिलं आणि प्रोसेसरवर बसणारा सगळ्यात महागडा, पत्र्यांच्या दोन टॉवरचा, रंगीत लाइटवाला कूलर गळ्यात मारला. तो निघाला १६५ मिलीमीटर उंच आणि माझ्या कॅबिनेटमध्ये १६० च्या वर काही बसत नाही, म्हणजे बाजूची काच लागेचना. तर म्हणे काच काढूनच वापरा, उलट थंड राहील. घरी आणून आठ दिवस वापरला, टेम्परेचर पुन्हा १००, आणि उघड्या बाजूने आमच्या खिडकीतल्या कूलरच्या वाळ्याच्या काड्या आत जाऊन पंख्यात अडकल्या ते वेगळंच. फोन केला तर उत्तर आलं की तुमचं सॉफ्टवेअर जड आहे, प्रोसेसर बदला. नावं घेत नाही कुणाची, त्यांची त्यांना माहीत आहेत.

मग तुमच्याकडे आले, खरं तर भांडायच्याच मूडमध्ये. तुम्ही ना विंडोज विचारली ना बजेट. पहिला प्रश्न काय, तर "खोलीत किती तापते दुपारी?"

हे मला कुणी म्हणजे कुणी विचारलं नव्हतं भाऊ. मी सांगितलं ३८-४० असेल. तुम्ही म्हणालात, "कूलर काई जादू नाई करत ताई. तो फक्त गर्मी इथून उचलते अन् तिथं टाकते. तिथलीच हवा चाळीस असली तं तो तरी काय करन?" एका मिनिटात डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी रात्र रात्र जागून जे रिव्ह्यू बघितले होते ते सगळे बावीस-पंचवीस डिग्रीच्या एसी खोलीतले. तिथे ७५ दाखवणारा कूलर माझ्या खोलीत ९० दाखवणारच, त्याचा दोष नाही. कूलरच्या तांब्याच्या नळ्यांमध्ये थोडंसं पाणी असतं, ते प्रोसेसरपाशी वाफ होतं, वर पत्र्यांत जाऊन पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या जाळीतून खाली येतं, हेही तुम्ही चहाच्या कपावर बशी झाकून दाखवलंत. माझ्या शाळेत विज्ञानाला तुम्ही असते तर मी एडिटर झाले नसते बहुतेक.

आणि मग तुम्ही तो महागडा टॉवर खोलला, उलटा करून ट्यूबलाइटखाली धरला आणि दोन सेकंद काहीच बोलला नाहीत. तळाला पारदर्शक फिल्म तशीच होती. कंपनी धातूला ओरखडे पडू नयेत म्हणून लावते ती, बसवण्याआधी काढा असं तिच्यावरच छापलेलं. त्या पठ्ठ्याने ती न काढता वरून गर्मी पोचवणारी पेस्ट थापून कूलर आवळून दिलेला. म्हणजे आठ दिवस माझा प्रोसेसर प्लॅस्टिकचा रेनकोट घालून बसलेला, तोही अकोल्याच्या मे महिन्यात!

मला वाटलं आता तुम्ही हसाल, त्या दुकानदाराला चार शिव्या घालाल, किंवा निदान "पाहा, लोक कसं काम करतात" एवढं तरी म्हणाल. धंद्यात असंच करतात ना, दुसऱ्याला नावं ठेवली की आपलं वजन वाढतं. तुम्ही नखाने फिल्म सोडवली, पेस्ट पुसली आणि म्हणालात, "होते असं. म्या पण केलं हाय एकदा." बस. केलंय की नाही देव जाणे, पण मला बरं वाटावं म्हणून म्हणालात असं मला अजून वाटतं.

फिल्म काढल्यावर तोच कूलर पुन्हा बसवून, मजुरी घेऊन मला वाटेला लावता आलं असतं. पण तुम्ही टेप काढून कॅबिनेट आतून मोजलंत, रॅमच्या पट्टीपासून अंतर बघितलंत आणि सांगितलंत की हा माल वाईट नाही, फक्त तुमच्या डब्यातला नाही, आणि काच उघडी ठेवली तर समोरून मागे जाणारी हवा मोडते आणि धूळ आत येते. मग डीपकूलचा एके४०० सुचवलात. एक टॉवर, चार नळ्या, १२० चा पंखा, उंची १५५. माझा प्रोसेसर ज्या खाचेत बसतो त्या १७०० सॉकेटची पट्टी डब्यात आहे का तेही उघडून बघितलंत, कारण जुन्या १२०० च्या सॉकेटपेक्षा हिची भोकं ३ मिलीमीटर लांब. माझ्या आधीच्या कूलरच्या निम्म्याहून कमी किंमत. आणि तो मोठा? "राहू द्या इथं, गिऱ्हाईक पायतो." चौथ्या दिवशी त्याचे पैसेही आले माझ्या खात्यात, एक रुपया कमिशन नाही.

पण हे सगळं एकीकडे. मला लिहायचंय ते पेचकसाबद्दल.

नवीन कूलर टेबलावर ठेवलात आणि पेचकस माझ्यापुढे धरलात. "तुमीच बसवा. मशीन तुमची हाय, पुढच्या मे मधी माझ्या मांगं कायले पळता." माझे हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू. पेस्ट किती लावू विचारलं तर "तुरीचा दाना." स्क्रू एका बाजूचा पूर्ण नाही आवळायचा, थोडा हा, थोडा समोरचा, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसं. मधेच एक गिऱ्हाईक आला, बघून म्हणाला, "भाऊ, मॅडमला कायले कामाला लावलं?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "त्यायले येते." त्यायले येते! मला तोवर येत नव्हतं भाऊ. तुम्ही म्हणालात आणि त्याच्या पुढचा स्क्रू नीट बसला.

घरी येऊन मी रडले हे आईशिवाय कुणाला माहीत नाही, आता सगळ्यांना कळलं. थंड कॉम्प्युटरसाठी कोण रडतं? पण महिनाभर प्रत्येक काउंटरवर "तुम्हाला नाही समजणार" ऐकून ऐकून माणूस आतून चेपतो. ज्ञान असलेली माणसं गावात पुष्कळ आहेत, समोरच्याला लहान न करता ते देणारी किती? माझ्या पहिल्या स्टुडिओतले सर होते एक असे. बँकेत एक बाई होत्या, आजीला अंगठ्याच्या जागी सही करायला शिकवलं त्यांनी, मागे रांग लागलेली असताना. अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजावी लागतात, आणि त्यातलं एक बोट तुमचं.

रिझल्टही सांगते, तुम्ही फोनवर विचारलं होतंत. तुमच्या सांगण्यावरून बायॉसमधली, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमधली, प्रोसेसरची पॉवर १८० वॉटवरून १२५ वर आणली. काल दुपारी खोलीत ३८ असताना अर्ध्या तासाच्या रेंडरला ८५ च्या वर गेला नाही. थोडा वेळ जास्त लागतो, तेवढ्यात चहा होतो. काच बंद आहे. खिडकीतला कूलर पुन्हा आईकडे वळवलाय. आणि ती फिल्म मी टाकली नाही, मॉनिटरच्या कोपऱ्यात चिकटवलीय.

मजुरीचे दीडशेच घेतलेत, तेही मी टेबलावर टाकून पळाले म्हणून. येत्या रविवारी कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन येतेय, नाही म्हणू नका. बरणी मात्र परत लागेल, आईची आहे.

तुमची,
सतरा ट्रॅकवाली ताई