कोणाचा रंग कोणाला दिला, तेही बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुपरहिरोंच्या सिनेमांत पात्रांचा वंश बदलण्यावर टीका करणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत आला होता. मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांत रंगभूषा करतो. तोंडं रंगवण्यावरच पोट असल्यामुळे लेख बारकाईने वाचला. लेखकाचा राग एकाच बाजूला वळतो, हे खटकलं.

२०१५च्या 'फॅन्टास्टिक फोर'मध्ये जॉनी स्टॉर्म म्हणून मायकल बी. जॉर्डन हा कृष्णवर्णीय नट आला, ही त्यांना मूळ कथेची मोडतोड वाटते. जॉनी १९६१पासून चित्रकथांत गोरा आहे, मान्य. पण अंगाला आग लावून उडणाऱ्या उनाड पोराच्या गोष्टीत कातडीवाचून काय अडलं? सुपरहिरोंना एकत्र आणणारा गुप्तहेर निक फ्युरीही १९६३ साली गोराच होता. २००२च्या नव्या चित्रकथेत त्याला सॅम्युअल जॅक्सन या कृष्णवर्णीय नटाचा चेहरा मिळाला आणि २००८च्या 'आयर्न मॅन'मध्ये खुद्द जॅक्सनच उभा राहिला. मोबाइलवर हिंदी डबिंग पाहणाऱ्या आमच्या गावच्या पोरांना दुसरा फ्युरी ठाऊकच नाही.

'ब्लॅक पँथर'चं तसं नाही. तो ज्याचा राजा, तो वाकांडा हा आफ्रिकेतला, कोणाच्या गुलामीत न गेलेला कल्पित देश. त्याचा राजा गोरा केला तर कथेत उरतं काय? एवढा फरक धरला की बरीचशी भांडणं मिटतात.

लेखात 'डॉक्टर स्ट्रेंज' मात्र कुठेच नाही. चित्रकथेत स्ट्रेंजचा गुरू तिबेटी म्हातारा. २०१६च्या सिनेमात ती भूमिका टिल्डा स्विंटन या गोऱ्या ब्रिटिश बाईला दिली. 'बॅटमॅन बिगिन्स'मधला खलनायक रास अल घुल नावाने अरबी, करणारा गोरा लिआम नीसन. ही मोडतोड नव्हे का?

अन् आपलं काय? २०१४मध्ये मणिपूरच्या मेरी कोमवर सिनेमा निघाला, तेव्हा मणिपुरी मुलगी सापडली नाही. प्रियांका चोप्रा घेतली. २०१९च्या 'बाला'त काळ्या रंगावरून हिणवल्या जाणाऱ्या मुलीची भूमिका होती, तर भूमी पेडणेकरला काळं रंगवलं. सावळ्या मुलीचं दुःख मांडायलाही सावळी मुलगी चालली नाही!

आमच्या मांडवातही तेच चालतं. नायिका सावळी असली की तोंड, मान, कान, कोपरापर्यंत हात, सगळं उजळ करायचं. हात राहिले तर ओवाळताना तोंड एकीचं अन् हात दुसरीचे दिसतात. नाटक रात्रभर चालतं; पहाटेच्या अंकापर्यंत घामाने हनुवटीखालचा थर फाटतो, मग विंगेत ओढून पुन्हा थापायचं. घरगड्याचं काम करणारा पोरगा गोरा निघाला तर त्याला काळं फासायचं. एका मालकाला म्हटलं, यंदा नायिकेला तिच्याच रंगात उभी करू. तो म्हणाला, "भाऊ, पब्लिक गोरी हिरोईन पाहाले येते." 'ब्लॅक पँथर'ने जगभरात शंभर कोटी डॉलरच्या वर धंदा केला, हेही सांगून पाहिलं. "थे अमेरिकेत," म्हणाला.

दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रेतले, प्रयोग सुरू होतील. लेखकमहाशयांनी वडशाला यावं. कोणत्या रंगाचा डबा आधी संपतो, ते पेटी उघडून दाखवतो.

आपला,
एक रंगभूषाकार वाचक
देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली