विषय : ‘वादग्रस्त निकाल’ या बॉक्सिंग लढतींच्या संचातील चुकीचे समालोचन

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

तुमच्या क्रीडा ॲपवरील मराठी समालोचनाच्या ‘वादग्रस्त निकाल’ संचाची वर्गणी आम्ही भुसावळच्या सात जणांनी भरली आहे. चुका पुढीलप्रमाणे.

१६ सप्टेंबर २०१७ ची कॅनेलो-गोलोव्हकिन लढत बरोबरीत सुटली. तुमचे समालोचक सांगतात, तिन्ही जजांच्या गुणांची बेरीज सारखी झाली. साफ चूक. मोरेटी यांनी ११५-११३ गोलोव्हकिनला, बर्ड यांनी ११८-११० कॅनेलोला, ट्रेला यांनी ११४-११४ दिले. बेरीज केली तर कॅनेलो ३४५, गोलोव्हकिन ३३९. मग बरोबरी कुठली? प्रत्येक कार्ड, म्हणजे एका जजची गुणपत्रिका, हे एक मत. एक इकडे, एक तिकडे, एक समान, म्हणून बरोबरी. बर्ड यांच्या ११८-११० वर, म्हणजे १० विरुद्ध २ फेऱ्यांवर, सगळे तुटून पडले आणि ते रास्तच होते. पण ते ११५-११३ असते तरी निकाल तोच राहिला असता. खरी मेख ट्रेलांच्या कार्डात आहे: तिथली एकच फेरी कॅनेलोऐवजी गोलोव्हकिनकडे गेली असती तर तो जिंकला असता. यावर अवाक्षर नाही.

दुसरे, लागलेल्या ठोशांचा आकडा पडद्यावर ‘स्कोअर’ म्हणून झळकतो. जजांसमोर तो नसतो. स्वच्छ ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव पाहून जज दर फेरीला विजेत्याला १०, दुसऱ्याला बहुधा ९ गुण देतो. तो एकदा खाली पाडला गेला तर सहसा ८. रावेर-सावद्याला केळीचे नुसते घड मोजून भाव निघतो का? प्रतही बघतात.

तिसरी चूक सर्वांत संतापजनक. फेऱ्यांमधली विश्रांती एक मिनिटाची, जाहिरात ७५ सेकंदांची. पुढच्या फेरीचे १५ सेकंद गिळले जातात. १९९९ च्या होलीफील्ड-लुईस लढतीत नेमकी पाचवी फेरी कापली आहे. लुईसने गाजवलेली ही फेरी एका जजने होलीफील्डला दिली, आणि वाद तिथूनच पेटला! जुने चित्रण आहे, थांबवून जाहिरात दाखवता आली असती.

१५ दिवसांत समालोचन दुरुस्त करावे, कापलेला भाग जोडावा, तिन्ही कार्डे फेरीनिहाय दाखवावीत. अन्यथा सातही वर्गण्या परत कराव्यात. पावत्या आणि चुकांच्या वेळांची यादी सोबत जोडली आहे.

आपले,
सात वर्गणीदार, भुसावळ (जि. जळगाव)