प्रोसेसरचा वेग वाढवताना मेमरीची जुळणी विसरू नये

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

स्वस्त प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवून, महागड्या प्रोसेसरच्या जवळपास जाणारी कामगिरी कशी मिळवता येते, याविषयीचा लेख आपल्या तंत्रज्ञानविषयक पुरवणीत वाचला. अशा विषयावर मराठीत इतके सविस्तर लिहिले जाते याचा मनापासून आनंद झाला, आणि उष्णता, पंखे व व्होल्टेज यांबद्दल लेखकाने दिलेली माहिती उपयुक्त आहे यात शंका नाही. मात्र मेमरीसंबंधी, म्हणजे रॅमसंबंधी, संपूर्ण लेखात एकच वाक्य आहे, 'परवडेल तितकी वेगवान रॅम घ्यावी', आणि नेमके हेच वाक्य वाचकाला चुकीच्या वाटेने नेणारे आहे. ओव्हरक्लॉक केलेल्या प्रोसेसरला सर्वांत वेगवान मेमरी लागत नाही. त्याला त्याच्याशी जुळणारी मेमरी लागते, आणि ती जुळणी केली नाही तर काय होते हे मी अनुभवलेले असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

प्रोसेसरचा वेग हा दोन आकड्यांचा गुणाकार असतो. एक बसचा, म्हणजे मदरबोर्डवरील मूळ घड्याळाचा वेग आणि दुसरा प्रोसेसरचा गुणक. जुन्या पिढ्यांत काही मोजक्या महागड्या प्रोसेसरमध्ये गुणक वाढवण्याची मुभा असे, पण स्वस्त प्रोसेसरमध्ये तो कुलूपबंद असे, त्यामुळे वेग वाढवायचा तर बसच वाढवावी लागे. आता अडचण अशी की मेमरीही आपला ठोका त्याच बसकडून घेत असे. १९९८ साली आलेला सेलेरॉन ३००ए हा याचा गाजलेला नमुना आहे. ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर ४.५ या गुणकाने तो ३०० मेगाहर्ट्झवर चाले, आणि बस १०० केली की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झ गाठत असे. त्याची ही ख्याती सर्वांना आठवते. परंतु ६६ मेगाहर्ट्झच्या रॅमला एका आवर्तनासाठी सुमारे १५ नॅनोसेकंद मिळत आणि १०० मेगाहर्ट्झवर १० नॅनोसेकंदच उरत, म्हणून पीसी-१०० दर्जाची, म्हणजे १०० मेगाहर्ट्झवर चालणारी, रॅम लावल्याशिवाय त्या ४५०चा भरवसा धरता येत नसे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

माझ्याकडे जो प्रोसेसर होता तो इंटेलचा पेंटियम ड्युअल-कोर ई२१६०. बस २०० मेगाहर्ट्झ, गुणक ९, म्हणजे वेग १.८ गिगाहर्ट्झ. सोबत डीडीआर२-६६७ प्रकारच्या रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. मी बस २०० वरून २४० केली, बायोसमधील (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमधील) मेमरीची सेटिंग 'ऑटो'वरच ठेवली आणि प्रोसेसर २.१६ गिगाहर्ट्झवर चालू लागला. वाढ अवघी २० टक्के होती, तापमान वाढलेले नव्हते, आणि संगणक सुरू होऊन दिवसभर व्यवस्थित चालला, त्यामुळे काम फत्ते झाले असेच मला वाटले. तिसऱ्या दिवशी घरातील जुन्या पत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रतींची झिप फाइल उघडताना ती खराब असल्याचा संदेश आला. त्यानंतर दोन वेळा ब्लू स्क्रीन दिसली. प्रोसेसरला ताण सहन होत नसावा असे समजून मी त्याचे व्होल्टेज एकदा वाढवले, मग आणखी एकदा वाढवले, आणि दोष होता तिथेच राहिला. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होता.

खरा दोष कुठे होता? 'ऑटो' सेटिंगने बस आणि मेमरी यांचे गुणोत्तर ३:५ ठेवले होते. २०० मेगाहर्ट्झच्या बसवर हे गुणोत्तर रॅमला बरोबर ३३३ मेगाहर्ट्झ देते, आणि डीडीआर प्रकारात प्रत्येक आवर्तनात दोनदा माहिती जात असल्यामुळे त्यालाच ६६७ म्हणतात. पण बस २४० झाली तेव्हा गुणोत्तर तेच राहिले आणि रॅम ४०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे डीडीआर२-८००च्या वेगाने पळू लागली. तिच्यावर छापलेल्या वेगापेक्षा ती २० टक्के पुढे होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. रात्री मेमटेस्ट८६+ हा मेमरी तपासणारा प्रोग्राम लावून ठेवला, तेव्हा दुसऱ्या फेरीत पडद्यावर लाल ओळी उमटलेल्या दिसल्या. अपेक्षित आकडा आणि मिळालेला आकडा यांत एकाच बिटाचा फरक होता, तोही क्वचित, आणि नेहमी एकाच पट्टीच्या पत्त्यांवर. एवढ्या छोट्या फरकाने त्या पत्रांची अख्खी फाइल उघडेनाशी झाली होती.

बायोसमध्ये जाऊन गुणोत्तर १:१ केले, व्होल्टेज मूळ जागी आणले आणि मग बस टप्प्याटप्प्याने वाढवली. ३३३ मेगाहर्ट्झच्या बसवर प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झला पोहोचला आणि त्याच वेळी रॅम तिच्या छापील वेगावर, ६६७ वर, आली. म्हणजे आधी २.१६ गिगाहर्ट्झवर चुका करणारा तोच संच आता ३ गिगाहर्ट्झवर रात्रभराच्या चाचणीत एकही चूक न करता चालत होता. प्रत्येक ई२१६० एवढा पुढे जाईलच असे नाही, कारण प्रत्येक चिपची मर्यादा वेगळी असते. मेमरीचे गणित मात्र सर्वांना सारखेच लागू होते.

यावर कोणी विचारेल की ६६७ऐवजी १०६६ची रॅम लावली असती तर आणखी फायदा झाला नसता का? त्या पिढीत मेमरी कंट्रोलर, म्हणजे मेमरीशी होणारी देवाणघेवाण सांभाळणारा भाग, प्रोसेसरमध्ये नसून मदरबोर्डवरील चिपसेटमध्ये होता, आणि प्रोसेसरपर्यंत जाणारी सगळी माहिती फ्रंट साइड बसमधूनच, म्हणजे वर सांगितलेल्या बसमधूनच, जात असे. ३३३ मेगाहर्ट्झची ही बस एका आवर्तनात चार वेळा, दर वेळी ८ बाइट वाहून नेते, म्हणजे सेकंदाला सुमारे १०.७ गिगाबाइट. दुसऱ्या बाजूला डीडीआर२-६६७च्या दोन पट्ट्या ड्युअल चॅनलमध्ये (दोन्ही एकाच वेळी वापरल्या जात असताना) सेकंदाला ६६७ गुणिले ८ गुणिले २, म्हणजे तेवढेच १०.७ गिगाबाइट देतात. १:१ या गुणोत्तराचे महत्त्व हेच आहे. यापुढे रॅम कितीही वेगवान केली तरी तोटी तेवढीच असल्यामुळे पाणी वाढत नाही. विलंब थोडासा कमी होतो हे मान्य, पण त्यासाठी जी किंमत आणि अस्थिरता पत्करावी लागते, तिच्या मानाने ती वाढ फारच किरकोळ आहे.

स्वस्त प्रोसेसर निवडणाऱ्यांच्या सहसा लक्षात न येणारी आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते या विषयातील तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ई२१६०पेक्षाही खालचा ई२१४० घेतला तर त्याचा गुणक ८ आहे. त्याला ३ गिगाहर्ट्झवर नेण्यासाठी बस ३७५ करावी लागते, आणि १:१ धरले तरी रॅमला ७५० वर चालावे लागते, म्हणजे ६६७ची पट्टी पुरत नाही, ८००ची घ्यावी लागते. त्या पिढीच्या इंटेल चिपसेटच्या बहुतेक बोर्डांवर मेमरी बसपेक्षा हळू चालवण्याची सोय नव्हती, त्यामुळे दुसरी वाटही नव्हती. याउलट १० गुणकाच्या ई२१८०ला त्याच वेगासाठी ३०० ची बस पुरते आणि रॅम ६०० वर निवांत चालते. प्रोसेसरवर वाचवलेले पैसे अशा रीतीने रॅमकडे आणि जास्त बस सोसणाऱ्या मदरबोर्डकडे जातात. म्हणून प्रोसेसर निवडतानाच अपेक्षित वेगाला गुणकाने भागून बस काढावी आणि तिच्या दुपटीवरून रॅम ठरवावी, असे लेखात असायला हवे होते.

वेगाच्या आकड्याबरोबर टायमिंगही, म्हणजे मागणी केल्यापासून माहिती मिळेपर्यंत किती आवर्तने जातात तेही, पाहावे लागते; सीएल हा त्याचाच आकडा. सीएल ५ वर चालणारी डीडीआर२-८०० मागितलेली माहिती द्यायला १२.५ नॅनोसेकंद घेते, आणि सीएल ४ वर चालणारी डीडीआर२-६६७ तेच काम १२ नॅनोसेकंदांत करते. डब्यावरील मोठ्या आकड्याला भुलून सैल टायमिंगची रॅम घेणाऱ्याला हे कोणीतरी सांगायला हवे. आजच्या रॅमलाही हाच हिशेब लागू आहे. सीएल १६ ची डीडीआर४-३२०० आणि सीएल १८ ची डीडीआर४-३६०० या दोघींचा हा विलंब सारखाच, १० नॅनोसेकंद, येतो.

हे सारे जुन्या यंत्रांपुरते आहे असे कोणाला वाटेल, पण तसे नाही. आता मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो आणि एएमडीच्या रायझन मालिकेत स्वस्त प्रोसेसरचाही गुणक खुला असतो, त्यामुळे प्रोसेसर वाढवला की मेमरी आपोआप ओढली जाते असे होत नाही. जुळणीची जागा मात्र फक्त बदलली आहे. रायझनमध्ये मेमरी, तिचा कंट्रोलर आणि आतले भाग जोडणारे इन्फिनिटी फॅब्रिक ही तीन घड्याळे आहेत. २०१९ साली आलेल्या रायझन ३००० मालिकेत ती तिन्ही एका ठोक्यावर चालण्याची सोयीची मर्यादा डीडीआर४-३६००च्या आसपास, फार तर ३७३३ पर्यंत आहे. त्यापुढे गेल्यावर कंट्रोलर सहसा मेमरीच्या निम्म्या वेगावर येतो. डीडीआर४-४००० लावली तर मेमरी २००० मेगाहर्ट्झवर आणि कंट्रोलर १००० वर, अशी विजोड जोडी तयार होते आणि विलंब कमी होण्याऐवजी वाढतो. इंटेलने २०२१ साली ११व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये गिअर १ (कंट्रोलर मेमरीच्याच वेगावर) आणि गिअर २ (निम्म्या वेगावर) या नावांनी आणलेली व्यवस्थाही याच तत्त्वावर आहे. जास्त पैसे मोजून आणलेली रॅम संगणकाचा प्रतिसाद मंद करू शकते, ही गोष्ट 'परवडेल तितकी वेगवान' या सल्ल्यात कुठेच बसत नाही.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच सर्रास होते. ३२००ची रॅम लावून बायोसमध्ये एक्सएमपी प्रोफाइल (रॅमच्या छापील वेगाची तयार सेटिंग) चालू न केल्यामुळे ती २१३३, २४०० किंवा २६६६ वर चालत राहते, आणि मालकाला वर्षानुवर्षे त्याची कल्पना नसते. सीपीयू-झेड या संगणकाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये १६०० मेगाहर्ट्झ दिसले तर घाबरण्याचे कारण नाही, कारण तो खरा ठोका आहे आणि त्याची दुप्पट म्हणजेच ३२००. पण तिथे १०६६ किंवा १२०० दिसत असेल तर घेतलेला वेग वापरलाच जात नाही. स्वस्त प्रोसेसरमध्ये हे अधिक बोचते, कारण त्यांचा कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी, लहान असतो आणि त्यांना मेमरीकडे वारंवार धावावे लागते. रायझन ५ ५६००जीमध्ये एल३ कॅश १६ मेगाबाइट आहे, तर ५६००एक्समध्ये ३२. शिवाय ५६००जीमधील ग्राफिक्सही त्याच रॅमवर जगते. तिथे एकाच पट्टीवर सेकंदाला २५.६ गिगाबाइट मिळतात आणि दोन पट्ट्यांवर ५१.२, त्यामुळे एका महागड्या पट्टीपेक्षा साध्या ३२००च्या दोन पट्ट्या केव्हाही बऱ्या.

चाचणीच्या क्रमाबद्दलही लेखात काही असायला हवे होते. प्रोसेसरची मर्यादा शोधताना मेमरी मुद्दाम छापील वेगापेक्षा खाली ठेवावी, म्हणजे संगणक अडला तर पाणी कुठे मुरते आहे हे कळते. प्राइम९५ या ताणचाचणीच्या प्रोग्राममधील स्मॉल एफएफटी ही चाचणी मुख्यतः प्रोसेसर आणि त्याच्या कॅशपुरती राहते, तर ब्लेंड चाचणी मेमरीलाही ताण देते. पहिली पार पडते आणि दुसरी पडत नाही, तेव्हा प्रोसेसरचे व्होल्टेज वाढवण्यापूर्वी मेमरीकडे पाहावे. प्रोसेसर स्थिर झाला की मेमरी जुळत्या वेगावर आणून मेमटेस्ट८६+ किमान एक रात्र चालवावा, आणि तोपर्यंत त्या संगणकावर महत्त्वाची कोणतीही फाइल सेव्ह करू नये. प्रोसेसर चुकला की संगणक बहुधा बंद पडतो आणि चूक समोर येते, पण मेमरी चुकली की चुकीची माहिती मुकाट्याने डिस्कवर लिहिली जाते आणि तिथून बॅकअपमध्येही जाते. माझ्या झिप फाइलच्या दोन्ही प्रती अशाच गेल्या, कारण दुसरी प्रत मी त्याच तीन दिवसांत, त्याच संगणकावर काढली होती. त्यातली काही मूळ पत्रे पुन्हा स्कॅन करता आली, काही तोपर्यंत हातात उरली नव्हती.

माझी आपणास विनंती एवढीच आहे की यापुढे पुरवणीत ओव्हरक्लॉकिंगचे एखादे उदाहरण छापताना प्रोसेसरच्या अंतिम वेगासोबत बस, गुणक, मेमरीचा प्रत्यक्ष वेग व टायमिंग आणि मेमरीची चाचणी किती वेळ चालवली, हे आकडेही एका छोट्या चौकटीत द्यावेत. संबंधित लेखाच्या लेखकांनी मेमरीवर एक स्वतंत्र लेख लिहिल्यास तो वाचायला मला मनापासून आवडेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली नम्र,
एक नियमित वाचक