नफ्याचा आकडा नको, टिपा वाचा

फुटबॉल क्लबच्या पैशांवरून वाद पेटला की दोन्ही बाजू तेच लेखापरीक्षित हिशेब नाचवतात. व्यवस्थापन म्हणते नफा झाला, चाहते म्हणतात तिजोरीत खडखडाट. गंमत म्हणजे दोघेही खरे असू शकतात. दहा कोटी पौंडांना आणलेल्या खेळाडूचा करार पाच वर्षांचा असेल, तर हिशेबात वर्षाला दोनच कोटी खर्ची पडतात. क्लबच्याच अकादमीत घडलेला, म्हणजे विकत न घेतलेला खेळाडू विकला, की जवळपास सगळी रक्कम त्याच वर्षी नफ्यात! मग घरचीच पोरे आधी बाजारात का उभी राहतात, हे वेगळे सांगायला नको.

इंग्लंडच्या चेल्सी क्लबने तर आपली दोन हॉटेले मालकांच्याच दुसऱ्या कंपनीला ७ कोटी ६५ लाख पौंडांना विकून २०२२-२३चा तोटा कमी केला. प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या नियमांत ते बसलेही. हिशेब वस्तुस्थितीला आणि लेखांकनाच्या प्रमाणकांना धरून आहेत का, एवढेच लेखापरीक्षक पाहतो. व्यवहार शहाणपणाचा होता का, हे त्याला कोणी विचारत नाही.

खरी माहिती असते ती हिशेबाच्या शेवटच्या पानांवरच्या टिपांत आणि लेखापरीक्षकाच्या अहवालात. मालकाचे कर्ज किती, प्रक्षेपणाचे पुढचे पैसे आधीच गहाण टाकलेत का, क्लब पुढे चालू राहील याबद्दल लेखापरीक्षकाने शंका नोंदवली आहे का? क्रीडापानावर नफा-तोट्याच्या आकड्याशेजारी निदान ती शंका तरी छापत जा, ही विनंती.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक