ट्रिगरची स्प्रिंग कापण्याआधी

पुणे

प्रिय मिलिंद,

तुझ्या पॉइंट टू-टू (.२२) रायफलीचा ट्रिगर जड लागतो म्हणून स्प्रिंगची दोन वेटोळी कापायचा तुझा विचार आहे, असं पत्रात वाचलं. कापू नकोस.

आधी वजन मोज. रायफल रिकामी आहे हे चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) उजेड पाडून डोळ्यांनी बघ. आत वापरलेलं रिकामं काडतूस घाल, नाहीतर फायरिंग पिन (काडतुसावर ठोका देणारी पिन) चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खाच पडते. बोल्ट ताणून नळी सरळ वर धर, ट्रिगरच्या मध्यावर तारेचा आकडा अडकव, त्याला बाटली टांगून हळूहळू पाणी ओत. ट्रिगर सुटला की बाटली तारेसकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेव. पाच वेळा मोजून सरासरी घे, आणि दर वेळी काडतूस थोडं फिरवून घाल. मग बोल्ट न ताणता, ट्रिगर मागे सरकेपर्यंत पाणी ओतून तेच कर. बहुतेक साध्या ट्रिगरमध्ये हा दुसरा आकडा नुसत्या स्प्रिंगचा असतो. समजा ताणून २२०० ग्रॅम आणि न ताणता १५०० आले, तर वरचे ७०० सिअरच्या, म्हणजे ताणलेली पिन अडवून धरणाऱ्या खटक्याच्या, घर्षणाचे. ट्रिगरची स्प्रिंग कितीही बदलली तरी ते तिथेच राहणार.

आता कापण्याचं गणित बघ. समजा स्प्रिंग मोकळी २० मिमी लांब आहे, चालती (दबणारी) वेटोळी १० आहेत, जागेवर ती १५ मिमीत बसते आणि दर मिमीला २०० ग्रॅम जोर देते. म्हणजे दाब १ किलो. एक वेटोळं कापलंस की लांबी १८ मिमी होते, स्प्रिंग उलट कडक होते (मिमीला २२२ ग्रॅम), पण दबते फक्त ३ मिमी, म्हणून दाब सुमारे ६७० ग्रॅम. दुसरं कापलंस की थेट २५०. तिसऱ्याला ती जागेवर सैल खुळखुळते, ट्रिगर मागे येत नाही आणि सिअर अर्धवट अडकतो. शिवाय कापलेलं टोक सपाट राहत नाही. स्प्रिंग तिरकी बसून भोकाच्या भिंतीला घासते आणि दर वेळी वजन वेगळं लागतं.

खरा उपाय बारीक तारेची नवी स्प्रिंग. लांबी, व्यास, वेटोळी तीच ठेवायची. जोर तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो, त्यामुळे ०.८ मिमीऐवजी ०.७ मिमी तार घेतली की तो ४१ टक्के उतरतो. भोसरीत स्प्रिंग बनवणारे नमुना बघून पियानो वायरमध्ये करून देतात. बसवण्याचं काम मात्र परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडूनच करून घे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो.

फायरिंग पिनच्या स्प्रिंगला त्याला अजिबात हात लावू देऊ नकोस. ती हलकी केली की सिअरवरचं घर्षण कमी होतं, म्हणून मोह होतो. पण तुझ्या रायफलीसारख्या रिमफायरमध्ये स्फोटक मसाला काडतुसाच्या रिममध्ये (बुडाच्या कडेत) असतो आणि पिनने ती रिम चेंबरच्या कडेवर चेचावी लागते. ठोका कमी पडला तर गोळी फुसकी जाते. त्याहून त्रासाचं म्हणजे पेट कमीजास्त होतो, वेग बदलतो आणि ५० मीटरवर गोळ्या उभ्या रेषेत पसरतात. मग माणूस दोष दुर्बिणीला देतो.

बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर ५० मीटर रायफलवाल्यांचे ट्रिगर फार हलके असतात, खरं आहे. त्या प्रकाराला किमान वजनाची अट नाही. पण त्यांची यंत्रणाच वेगळी. तुझ्या रायफलीसारख्या साध्या सिअरच्या ट्रिगरला १ किलोच्या खाली नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

काम झालं की रिकाम्या रायफलीवर दुरुस्तीवाल्याकडून तीन गोष्टी करवून बघ. बोल्ट जोरात आपटून बंद करणे, वीसेक वेळा. सेफ्टी काढून दस्ता रबरी चटईवर ३० सेंमीवरून आपटणे. सेफ्टी लावून ट्रिगर दाबणे, सोडणे, मग सेफ्टी काढणे. यात एकदाही पिन सुटली तर जुनी स्प्रिंग परत घालायची, म्हणून ती फेकू नकोस.

तार मोजायला मायक्रोमीटरच घे. व्हर्नियरवर ०.०५ मिमीची चूक सहज होते, आणि ०.८ च्या तारेत तेवढ्यानेच जोर पाव हिश्शाने बदलतो. दोन्ही वजनं आणि तारेचं माप कळव, मग स्प्रिंगचं चित्र काढून पाठवतो.

तुझा,
अविनाश