छिद्र किती मिलिमीटरचं होतं?

महोदय,

नवस बोलल्यावर बाळाच्या हृदयातलं छिद्र बुजलं, असं सांगणारा रविवारच्या पुरवणीतला 'नवसाचं बाळ' हा लेख वाचला. आईबापांची घालमेल छान उतरली आहे. एक आकडा तेवढा राहिला. ते छिद्र किती मिलिमीटरचं होतं आणि हृदयाच्या कप्प्यांमधल्या पडद्याच्या कुठल्या भागात? एवढं छापलं असतं तर उरलेले तीन रकाने वाचले असते.

खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात, त्याच्या स्नायूच्या भागात दोन-तीन मिलिमीटरचं छिद्र असेल तर ते बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन वर्षांत आपणहून बुजतं. नवस बोललेल्यांचं बुजतं, न बोललेल्यांचंही बुजतं. मोठ्या छिद्राचं तसं नसतं. जन्मल्यावर काही आठवडे फुप्फुसांतला दाब चढाच असतो, म्हणून बाळ ठणठणीत दिसतं. दाब उतरला की फुप्फुसांकडे रक्ताचा लोट सुरू होतो. बाळ दोन घोट ओढून थांबतं, दूध पिताना कपाळावर घाम येतो, श्वास मिनिटाला साठच्या वर जातो, वजन हलत नाही. हे साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास घडतं, म्हणजे नेमकं सव्वा महिना संपून बाळाला बाहेर काढलं जातं तेव्हा. मग दृष्ट लागली असंच वाटणार, त्यात आजीचा काय दोष? दृष्ट जरूर काढा, मीठमोहऱ्यांनी हृदयाला काही होत नाही. पण त्यात वर्ष-दोन वर्षं गेली तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कडक होत जातात आणि मग सर्जनच हात लावत नाही. तुमच्या लेखाचं कात्रण अशाच एखाद्या घरात देव्हाऱ्याशेजारी लागलं असेल.

काही बाळांना तर सव्वा महिनाही मिळत नाही. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळांची अदलाबदल झालेली असते, किंवा फुप्फुसांकडे जाणारा रस्ताच बंद असतो. अशी बाळं गर्भातली 'डक्ट', म्हणजे या दोन नळांना जोडणारी वाट, उघडी आहे तोवरच तग धरतात, आणि ती दोन-तीन दिवसांत मिटायला लागते. सटवाई कपाळी लिहायला येते त्याच्याही आधी. ती उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिनचं औषध थेंबाथेंबाने चालू ठेवावं लागतं. त्याने बाळाचा श्वास थांबू शकतो, म्हणून वाटेत कृत्रिम श्वासाची सोय असलेलीच अँब्युलन्स लागते. नळ बदललेल्या बाळाची शस्त्रक्रिया पहिल्या दोन-तीन आठवड्यांत व्हायला हवी, नाहीतर डावा कप्पा जोर गमावून बसतो. 'सोयर फिटू दे, बारसं होऊ दे, मग मुंबईला नेऊ' या वाक्याची किंमत इतकी आहे.

याची चाचणी दोन मिनिटांची आहे. जन्मानंतर २४ तासांनी, घरी सोडण्याआधी, रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा ऑक्सिमीटर उजव्या हाताला आणि कुठल्याही एका पायाला लावायचा. मनगट्या आणि वाळे आधी काढायचे. कुठलाही आकडा ९०च्या खाली असेल तर लगेच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. दोन्ही आकडे ९५ किंवा वर आणि फरक तीनपेक्षा जास्त नसेल तर ठीक. अधलंमधलं काही आलं तर तासाने पुन्हा. यातूनही काही बाळं निसटतात, पण ऑक्सिजन कमी पडून निळी पडणारी बाळं सहसा सापडतात. लेखात यातलं अक्षरही नाही.

आता तो फोटो. बाळाच्या नाकाला ऑक्सिजनची नळी आणि समोर पेटलेलं निरांजन! छायाचित्रकाराला चौकट फार आवडली असावी. ऑक्सिजन दुपट्यात, टोपड्यात साचतो आणि एक ठिणगी भडका उडवते. ओवाळायचंच तर सुपारी-अंगठीने ओवाळा, वात लावू नका. अंगारा कपाळाला चालेल, जिभेवर नको. शस्त्रक्रियेआधी चार तास आईचं दूधसुद्धा बंद असतं, तिथे चमचाभर पंचामृत भूल देताना उलटून श्वासनळीत जाऊ शकतं. शिवाय त्यातला मध वर्षाच्या आत एरवीही वर्ज्य. ताईत धातूचा असेल तर ऑपरेशनच्या वेळी विजेच्या उपकरणाने तिथे भाजू शकतं, तो तेवढ्यापुरता आईने गळ्यात घालावा. पण आईने निर्जळी उपास धरू नये, अतिदक्षता विभागात दर दोन-तीन तासांनी तिचंच दूध काढून लागतं.

नवस फेडण्याचंही तेच. छातीचं हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर बाळाला बगलेत धरून उचलायचं नाही, एक हात मानेखाली आणि एक ढुंगणाखाली. ओल्या टाक्यांवर जेजुरीचा भंडारा उधळण्याची घाई कशाला? खंडोबा व्याज लावत नाही.

सोमवारी याच आईबापांना अडाणी म्हणणारं पत्रही आपण छापलंत. त्या विद्वानांनी एकदा इकोच्या खोलीबाहेर उभं राहावं. आत इंग्रजीत चार शब्द सांगून 'नेक्स्ट' म्हणतात. देवऋषी निदान तासभर ऐकून घेतो.

पैशांबद्दलही लेख गप्प. २०१३पासून मुलांच्या तपासणी-उपचारांचा सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, खारघरला सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होतात. हे शेवटचं श्रद्धेतूनच उभं राहिलं आहे, तुमच्या विषयाला तर अगदी चपखल होतं. कागदपत्रांत जन्मदाखला लागतो आणि तो बारशाआधीही मिळतो. नाव नंतर घालता येतं.

लेखाखाली 'हृदयातील छिद्र विनाऑपरेशन बंद' अशी चूर्णाची जाहिरात होती. त्या चौकटीचा दर काय?

आणि 'तज्ञ' नव्हे, 'तज्ज्ञ'. निदान उपशीर्षकात तरी.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा