विषाचा संशय घेण्याआधी मरळ जिवंत आहे का ते पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर भंडारा-गोंदियाकडच्या एखाद्या मामा तलावात (जुन्या मालगुजारी तलावात) किंवा बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, मासे तरंगले की बातमीत ‘विषप्रयोगाचा संशय’ हे शब्द ठरलेले असतात. कधी तो संशय खराही निघतो. पण जूनच्या पहिल्या पावसात धानाचे पऱ्हेही (रोपेही) धड निघालेले नसतात, मग फवारणीचे औषध एवढे येणार कुठून? या दिवसांत मासे बहुधा प्राणवायू संपल्याने गुदमरतात, आणि भांडण मात्र मासेमार व शेतकऱ्यांत लागते. म्हणून किती मासे मेले याआधी कोणते मेले आणि कोणते जगले, ते लिहून घ्यावे.

कटला, रोहू, मृगल, सिल्व्हर कार्प हे फक्त कल्ल्यांवर जगतात. पाण्यात लिटरला ५ मिलिग्रॅम प्राणवायू असला की त्यांचे बरे चालते, ३ च्या खाली ते खाणे सोडतात आणि १ च्या खाली मरू लागतात. मरळ, मागूर, शिंगी यांना वरची हवा घेता येते. मरळीच्या कल्ल्यांच्या वर हवेची पोकळी असते, मागुराला तिथेच रक्तवाहिन्यांनी भरलेला फांद्याफांद्यांचा अवयव असतो, तर शिंगीच्या कल्ल्यांपासून मागे स्नायूंमध्ये दोन लांब हवानळ्या गेलेल्या असतात. मरळीला तर हवा लागतेच. जाळ्यात अडकून वर येता आले नाही तर ती पाण्यात बुडून मरते. तेव्हा पहाटे कटला तोंड वासून, कल्ले फाकवून तरंगत असेल आणि मरळ-मागूर ठणठणीत असतील, तर आधी प्राणवायूचा विचार करावा.

हा फरक फार जुना आहे. परांच्या पडद्याला काड्यांचा आधार असलेल्या या किरणपर माशांत पृष्ठवंशीयांच्या जवळपास निम्म्या जाती मोडतात. त्यांच्या पूर्वजांना फुप्फुसे होती. वाताशयाचे, म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचे, पुढे फुप्फुस झाले असे डार्विनने १८५९ साली मांडले होते. प्रत्यक्षात घडले ते उलट. आफ्रिकेतल्या बिचिर माशाला अजून फुप्फुसे आहेत आणि अमेरिकेतला गार मासा वाताशयानेच हवा घेतो. त्याच गारच्या कुळातल्या माशाचे अवशेष आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या लमेटा नावाच्या प्राचीन खडकांच्या थरांत सापडले. ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ वुडवर्ड यांनी १९०८ साली त्यांचे वर्णन केले. रोहूच्या पोटातला दोन कप्प्यांचा पांढरा फुगा हा त्याच अवयवाचा वारस. त्याची नळी अन्ननलिकेला अजून जोडलेली आहे, पण तो श्वासाच्या कामाचा उरला नाही. तो मासा तरंगता ठेवतो आणि बारीक हाडांच्या साखळीतून आवाज कानापर्यंत पोहोचवतो. रोहूला काठावरची पावले लवकर कळतात, पण पहाटे त्याचा काही उपयोग नाही. मरळ-मागुरांनी हवा घेण्याची सोय कल्ल्यांच्या जागेत पुन्हा नव्याने केली.

तपासात मुख्य घोटाळा वेळेचा होतो. शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा प्राणवायू देतात, रात्री तोच वापरतात. त्यामुळे सर्वांत कमी प्राणवायू सूर्योदयाच्या जरा आधी असतो. त्यात पाणी गरम: २० अंशांना लिटरमध्ये ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना फक्त साडेसात. दोन दिवस ढग राहिले किंवा पहिल्या पावसाने तळाचा गाळ ढवळला की उरलेलाही संपतो. पथक येते दुपारी बाराला. तोवर ऊन पडून आकडा ७-८ वर गेलेला असतो, आणि पाणी चांगले असल्याचा शेरा लिहून सगळे विषाकडे वळतात.

म्हणून नमुना पहाटेच घ्यावा. ३०० मिलीची काचेची बाटली पाण्यात बुडवून, एकही बुडबुडा न राहता भरावी आणि काठावरच मँगेनीज सल्फेट व अल्कलाइन आयोडाइड प्रत्येकी २ मिली घालावे. साका तपकिरी आला तर प्राणवायू आहे, पांढरा राहिला तर जवळजवळ नाही. ही द्रावणे न घालता बाटली तपासणीसाठी नागपूरला पाठवण्यात अर्थ नाही. वाटेत आकडा बदलतो.

विषाची लक्षणे वेगळी. मासे गरगर फिरतात, झटके देतात. पाणकिडे आणि झिंगेही मरतात, आणि बऱ्याचदा हे भरदिवसा घडते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक असेल तर मेलेल्या माशाचे छातीचे पर पुढे ताठलेले दिसू शकतात. अशा वेळी कुजलेले नव्हे, तर नुकतेच मरत असलेले मासे फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात ठेवावेत आणि एक लिटर पाणी गडद काचेच्या बाटलीत घ्यावे. प्लास्टिकला काही औषधे चिकटतात आणि अहवाल कोरा येतो.

मासे वर येऊन तोंड वासू लागले की त्या रात्री शेणखत, खाद्य बंद. पहाटे तीनपासून पंपाने पाणी उंचावरून फवारत सोडावे, पण फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपचे तोंड) तळाच्या गाळात ठेवू नये. काठावरची बेशरम ही झुडपे काढायची तर एकदम सगळी नको, आणि कापलेली पाण्यात तर मुळीच टाकू नये. कुजताना ती उरलासुरला प्राणवायूही खाते.

आपले,
मत्स्यशास्त्राचे दोन शिक्षक, जि. भंडारा